मायक्रॉन गेज: दोन पावसाळे वापरून झाल्यावर

रत्नागिरीत गेली चौदा वर्षं एसीची कामं करतो. त्यातली पहिली बारा वर्षं माझा व्हॅक्यूम, म्हणजे गॅस सोडायच्या आधी पाइपमधली हवा आणि ओल पंपाने ओढून काढणं, मॅनिफोल्डच्या (दाब दाखवणाऱ्या घड्याळांच्या जोडीच्या) निळ्या घड्याळावर चालायचा. पंप लावायचा, काटा उणे तीसवर टेकला की अर्धा तास थांबायचं, नॉब बंद करायचा आणि काटा हलला नाही की गॅस सोडायचा. मी असंच शिकलो आणि माझ्याकडच्या दोन पोरांनाही असंच शिकवलं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात साडेआठ हजाराला डिजिटल मायक्रॉन गेज घेतला, म्हणजे लाइनमध्ये उरलेला दाब मायक्रॉन या बारीक मापात दाखवणारा मीटर, त्याच्याबद्दल लिहितो आहे. कंपनीचं नाव देत नाही. खालच्या तक्रारी माझ्या हातातल्या एका नगाच्या आहेत, आणि कौतुक या जातीच्या कुठल्याही चांगल्या गेजला लागू पडतं.

आधी हिशोब सांगतो, कारण तो कळला तेव्हाच मी पैसे काढले. समुद्रसपाटीला हवेचा दाब 7,60,000 मायक्रॉन. मॅनिफोल्डच्या काट्यावरचा एक इंच (पाऱ्याचा) म्हणजे 25,400 मायक्रॉन. आपल्याला उतरायचं असतं 500 च्या खाली. म्हणजे जिथं खरं काम होतं, तो सगळा पट्टा त्या काट्याच्या जाडीतच मावतो. काटा तळाला टेकलेला दिसतो तेव्हा लाइनमध्ये 500 असतील किंवा 5,000 असतील, डोळ्याला फरक कळत नाही.

पहिली मोठी परीक्षा एका दवाखान्यात झाली. दीड टनी स्प्लिट, गॅस आर-32. वर्षभरात दोनदा गॅस भरून झालेला, आणि त्यातली दुसरी वेळ माझी होती. तेव्हा काट्यावर व्हॅक्यूम धरलेला मी स्वतः बघितला होता. या वेळी गेज लावला. चाळीस मिनिटं पंप चालवूनही आकडा 1,850 च्या खाली येईना. व्हॉल्व्ह बंद केला, तर पाच मिनिटांत 4,000, दहा मिनिटांत 7,500, आणि चढणं थांबतच नव्हतं. काट्याच्या भाषेत ही दहा मिनिटांची चढण पाव इंचसुद्धा नाही. मागच्या खेपेला मला ती दिसणं शक्यच नव्हतं.

लाइनवर आळ घेण्याआधी स्वतःचं सामान तपासलं. गेज थेट पंपावर लावला, 45 ला गेला. नळी आणि कोअर टूल (व्हॉल्व्हमधली पिन काढायचं अवजार) जोडून पुढचं तोंड बुचाने बंद केलं, तरी 100 च्या आतच. म्हणजे दोष मशीनच्या लाइनमध्ये. व्हॅक्यूममध्ये साबणाचं पाणी उपयोगाचं नाही, हवा आत ओढली जात असते. म्हणून नायट्रोजन भरला, 300 पीएसआय. आउटडोअरचे जॉइंट कोरे निघाले. इनडोअरच्या मागची टेप सोडली, इन्सुलेशन कापलं आणि जाड नळीच्या फ्लेअर नटावर (पाइपचं फाकवलेलं तोंड, म्हणजे फ्लेअर, दाबून धरणारा नट) साबणाचा फेस लावून टॉर्च धरून बसलो. चार-पाच मिनिटं काही नाही. मग नटाच्या मागच्या कडेला, तांबं जिथं नटातून बाहेर येतं तिथं, मोहरीएवढा बुडबुडा उठला. त्याच्या शेजारी दुसरा. नायट्रोजन सोडून नट उघडला, तर फ्लेअरच्या ओठाला केसासारखी चीर. कुणीतरी पाना मारून जास्तच आवळला होता. पाइप कापून नवीन फ्लेअर केला, मागच्या बाजूला तेलाचं बोट फिरवलं, आणि अर्धा इंची नट टॉर्क पान्याने 55 न्यूटन मीटरला आवळला. पुन्हा पंप लावला. पंचवीस मिनिटांत 380. बंद करून दहा मिनिटं थांबलो तर 470, आणि तिथंच स्थिर. डॉक्टरांना सांगितलं, मागच्या खेपेचे गॅसचे पैसे या बिलातून वजा करतो. ते करणं मला भागच होतं.

या वस्तूची दुसरी किंमत पावसाळ्यात कळली. जुलैत एका नव्या बंगल्यात गवंडीकामाच्या वेळी टाकलेला कॉपर पाइप मिळाला, दोन्ही तोंडं उघडी. तिथं आकडा 900 ला अडला. पंप बंद केल्यावर 1,700 पर्यंत चढला आणि थांबला. दवाखान्यातला आकडा चढतच राहिला होता, हा एका जागी येऊन टेकला. हाच फरक ओळखायला शिका. चढतच राहिला तर लिकेज, चढून थांबला तर आत ओल. पाणी पंपाने सरळ ओढलं जात नाही, दाब उतरल्यावर त्याची वाफ होते आणि मग ती निघते, त्याला वेळ लागतो. मी तीनदा कोरडा नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम तोडला आणि पुन्हा ओढला. पंपाचं तेल दोनदा बदललं, पहिल्यांदा काढलं ते ताकासारखं पांढरं होतं. संध्याकाळी साडेसहाला 420 वर थांबला. गेज नसता तर मी फ्लेअर उघडत बसलो असतो, नाहीतर ती ओल तशीच आत ठेवून गॅस सोडला असता. आर-32 आणि आर-410ए च्या कॉम्प्रेसरमधलं तेल पाणी शोषून घेतं, आणि एकदा शोषलेलं पाणी व्हॅक्यूमने सहज सुटत नाही.

आता तक्रारी. दहा मिनिटांनी गेज आपोआप बंद होतो, नेमका चढण बघायच्या वेळी. गच्चीवर दुपारच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही, हाताची सावली धरावी लागते. आणि सेन्सरला तेल लागलं की आकडा खोटा येतो. एकदा पंप आधी बंद झाला आणि व्हॉल्व्ह उघडा राहिला, तेल नळीत मागे आलं. त्यानंतर दोन दिवस प्रत्येक कामावर 2,000 च्या खाली काही उतरेना आणि मी चांगल्या लाइनी तपासत बसलो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब टाकून, हलवून, ओतून वाळवल्यावर सुधारला. सोबतच्या कागदात याचा एक शब्द नाही.

नुसता गेज घेऊन भागत नाही, हेही सांगतो. कोअर टूल आणि 3/8 इंची जाड नळी सोबत घ्या. पाव इंची नळीतून, आत पिन तशीच ठेवून व्हॅक्यूम ओढणं म्हणजे दुप्पट-तिप्पट वेळ. गेज पंपाजवळ लावू नका, तिथं आकडा नेहमी कमी दिसतो. मशीनच्या बाजूला, कोअर टूलच्या आडव्या तोंडावर लावा. आणि गॅस सोडायच्या आधी काढून ठेवा.

गॅस सोडून लाइनमधली हवा हाकलणारे अजून आहेत. आर-32 पेट घेणारा गॅस आहे. घरात माणसं बसलेली असताना तो मोकळा सोडणं मला पटत नाही.

गेल्या महिन्यात खालच्या आळीतल्या काकू म्हणाल्या, "अरे, तासभर नुसतं यंत्र लावून बसलायस, काम कधी सुरू करणार?" त्यांना स्क्रीन दाखवली. म्हटलं, काकू, हा आकडा पाचशेच्या खाली येऊन थांबला की पाइप आतून कोरडा. मग त्या चहा ठेवून स्वतःच अधूनमधून बघून सांगायला लागल्या, "सहाशे दहा झाले रे. आता पाचशे ऐंशी."

दुसरा गेज मागवला आहे, मोठ्या पोराच्या पेटीसाठी. वेगळं मॉडेल घेतलं. आपोआप बंद होणं थांबवता येतं का, ते आधी दुकानात बटण दाबून बघितलं. येतं.