नवा म्हणून जुनाच बॉल जॉइंट: पैसे देण्याआधी रिव्हेट बघा

बेळगावहून चोर्ला घाटातून गोव्याला भाजी नेणाऱ्या सगळ्या पिकअपवाल्यांनी हे वाचावं, म्हणून लिहितोय. बॉल जॉइंट, म्हणजे पुढचं चाक आर्मला जोडणारा गोळ्याचा सांधा. तो बदलल्याचे पूर्ण पैसे एका गॅरेजनं माझ्याकडून घेतले, बिलही दिलं आणि गाडीखाली जुनेच जॉइंट ठेवले. गॅरेजचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण ही फसवणूक कशी होते आणि कशी ओळखायची, हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असायलाच हवं.

पावसाळ्यात जांबोटी ते कणकुंबी रस्त्याची काय दशा होते ते तुम्हाला सांगायला नको. खड्ड्यात चाक गेलं की पुढून खटखट आवाज यायचा आणि ब्रेक मारला की स्टिअरिंग एका बाजूला ओढायचं. मिस्त्रीनं गाडी जॅकवर घेतली, चाकाखाली पहार घालून हलवलं आणि मला वरच्या बॉल जॉइंटचा खेळ दाखवला. "दोन्ही बाजूचे वरचे गेलेत बघा. असंच घाटात घालू नकासा." हे निदान खरं होतं. म्हणूनच पुढचं सगळं मला खरं वाटलं.

गाडी रात्रभर त्यांच्याकडे होती. दुसऱ्या दिवशी सात हजारांच्या वर बिल झालं, त्यात रिव्हेट (ठोकून बसवलेले, नट नसलेले लोखंडी खिळे) कापायची मजुरी वेगळी लावलेली. बिलावर कन्नडमध्ये "बॉल जॉइंट काम" एवढंच, ना कंपनी ना पार्ट नंबर. जुने जॉइंट मागितले तर म्हणाले, "स्क्रॅपवाला घेऊन गेला की सकाळीच." आवाज मात्र बंद झाला होता.

पुढे काही दिवसांनी तोच आवाज पुन्हा सुरू झाला. माझा आतेभाऊ उद्यमबागेत मशीन शॉपला फिटर आहे. रविवारी त्यानं आमच्या अंगणातच चाक काढलं आणि आर्म, म्हणजे चाक धरणारा लोखंडी हात, डिझेलनं धुतला. वर काळा रंग मारलेला होता. तो खरवडल्यावर खालून चार गोल, गुळगुळीत डोकी दिसली. "दादा, हे कंपनीचे रिव्हेट. ह्याला कुणी हातच लावलेला नाही."

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. आमच्या गाडीत वरचा बॉल जॉइंट कारखान्यातच आर्मला रिव्हेटनं ठोकून येतो. बाजारात मिळणारा नवीन जॉइंट मात्र बोल्ट-नटसकट येतो, कारण रिव्हेट ठोकायचा प्रेस गॅरेजमध्ये नसतो. म्हणजे जॉइंट खरोखर बदलला असेल तर तिथं बोल्ट दिसलेच पाहिजेत. मूळ रिव्हेट जागेवर असतील तर जॉइंटही मूळचाच. माझ्या गाडीत त्यांनी फक्त जॉइंटवरचं रबर नवीन बसवलं होतं आणि आत घट्ट ग्रीस भरलं होतं. त्यानं आवाज तेवढ्यापुरता दबला. झिजलेला गोळा तसाच आत राहिला आणि मी त्यावर भरलेली गाडी घाटात उतरवत होतो. हा जॉइंट सुटला तर चाक आडवं पडतं, गाडी हातात राहत नाही. पैशापेक्षा ह्याचा राग मला जास्त आहे.

नवीन जॉइंट आणून आम्ही घरीच बसवले. गाडी पक्क्या घोडीवर (स्टँडवर) घेतली आणि खालच्या आर्मला जॅकचा आधार दिला, कारण टॉर्शन बारचा (स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याचा) सगळा जोर त्याच आर्मवर असतो. आधार न देता वरच्या जॉइंटची पिन सोडवली तर तो आर्म झटक्यानं खाली येतो आणि हात जाऊ शकतो. मग रिव्हेटच्या डोक्यावर बरोबर मधे पंच मारला. आधी ३ मिलिमीटरच्या बिटनं, मग मोठ्या बिटनं, डोकं जेवढं जाड तेवढंच खोल ड्रिल केलं. उरलेलं डोकं छन्नीनं उडवलं आणि दांडा पंचनं खाली ठोकून काढला. घाई केली तर ड्रिल आर्ममध्ये घुसतं, भोक मोठं होतं आणि बोल्ट तिथं कधीच घट्ट बसत नाही. डोळ्यांना चष्मा हवाच.

कुणी "गॅस कटरनं पाच मिनिटात काढतो" म्हणाला तर गाडी परत न्या. त्या उष्णतेनं आर्मच्या लोखंडाची ताकद जाते. जॉइंट वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याच्या तर दारातही उभे राहू नका. बोल्टसुद्धा नवीन जॉइंटच्या पाकिटातलेच वापरायला सांगा. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा असतो, हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट इथं चालत नाही. जॉइंटच्या पिनच्या नटाला नवीन कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालायची दुमडती पिन) घालायची आणि नंतर चाकांची अलाइनमेंट करून घ्यायची.

काम करताना आतेभावानं एक शहाणपण केलं. ड्रिल लावण्याआधी रिव्हेट आणि नंबर प्लेट एकाच व्हिडिओत घेतली. तो व्हिडिओ दाखवल्यावर गॅरेजमालक आधी पोरांवर ढकलत होता, मग म्हणाला पार्टचे पैसे देतो, मजुरी नाही. मी घेतले नाहीत. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आता बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे कागद देतोय. गाडी धंद्याची असली तरी ती स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर २०१९ चा ग्राहक कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. पाच लाखांपर्यंतच्या कामाला आयोगाची फी नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. कुठल्याही गॅरेजमध्ये कुणाचं असं झालं असेल तर बिल फाडू नका, आणि पुन्हा काम करायच्या आधी रिव्हेटचा फोटो काढून ठेवा.