ओटीजीवर सकाळचे गरम पॅटिस: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या जरा आधी २८ लिटरचा ओटीजी (ओव्हन, टोस्टर, ग्रिल एकत्र असलेली विजेची छोटी भट्टी) घेतला. १६०० वॅट, वर दोन रॉड खाली दोन रॉड आणि मागे फॅन. केक-बिक आमच्याकडे कोणाला फार आवडत नाही, घेतला तो एकाच गोष्टीसाठी, रविवारी सकाळी घरी गरम पॅटिस व्हावेत म्हणून. पॅटिस म्हणजे बेकरीतला, पापुद्र्यांचा, आत बटाटा असलेला. आता जून आलाय, तीसेक वेळा तरी करून झालेत, थंडीत केलेत, एप्रिलच्या उकाड्यात केलेत, म्हणून आता लिहितोय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर मशीन बेकार आहे घेऊ नका असंच लिहिलं असतं आणि ते चुकीचं झालं असतं.

पहिल्या तीन वेळेला काय झालं ते सांगतो कारण नवीन माणसाचं बहुतेक हेच होतं. मैदा मळला, आत बटरची लादी घातली, घड्या घातल्या, सगळं नीट, डायल २०० वर, दहा मिनिटं प्रीहीट, ट्रे आत. पंधरा मिनिटांनी बघतो तर ट्रेमध्ये बटरचं तळं आणि पॅटिस त्यात तळल्यासारखे, खालून कडक, आतून कच्चे, पदर एकही सुटलेला नाही. मला वाटलं माझं लाटणंच चुकतंय. मग घड्या कमी केल्या, बटर कमी केलं, तरी तेच. शेवटी एक साधा ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला, दोनतीनशे रुपयाला मिळतो, आणि सगळा उलगडा झाला. डायल २०० वर असताना आत १७० पण नव्हतं. आणि दहा मिनिटांत तर नाहीच, हवा तापते पण भिंती आणि ट्रे तापायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दार उघडून ट्रे आत सरकवेपर्यंत अजून तीसेक डिग्री जातात.

आता ह्याने एवढा फरक का पडतो? पॅटिस फुगतो तो वाफेवर, त्यात सोडा नाही यीस्ट नाही काही नाही. बटरमध्ये १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं, कणकेत वेगळं, त्या पाण्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पटीच्या वर जागा लागते, ती वाफ मैद्याचा एकेक पदर वर उचलते आणि मधलं बटर त्या पदरांना चिकटू देत नाही. पण हे सगळं पटकन व्हायला लागतं. ओव्हन कोमट असेल तर बटर आधी वितळून वाहून जातं आणि वाफ नंतर होते, तोपर्यंत पदर चिकटलेले. म्हणून माझ्या मशीनवर मी आता डायल २३० ला ठेवतो, आत २०५-२१० येतं, पंचवीस मिनिटं तापवतो, पॅटिस घातल्यावर पहिली पंधरा मिनिटं दाराला हातसुद्धा लावत नाही, मग १८० च्या आसपास आणून दहा-बारा मिनिटं. ज्या दिवशी हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी काचेतून बघत बसलो होतो, बोटाएवढा जाड चौकोन डोळ्यांदेखत तीन बोटं झाला, घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं.

प्रमाण माझं असं आहे, पाव किलो मैदा, १२५ मिली गार पाणी, एक चमचा लिंबाचा रस (लिंबाने कणीक लाटताना मागे ओढत नाही), २५ ग्रॅम बटर कणकेत आणि १७५ ग्रॅम घड्यांसाठी. नेहमीचं पिवळं बटर खारं असतं त्यामुळे कणकेत मीठ अगदी चिमूटभरच, बिनमिठाचं मिळालं तर उत्तम. तीन पदरी घडी चार वेळा घालतो, प्रत्येक दोन घड्यांनंतर अर्धा तास फ्रीजमध्ये. चार वेळा म्हणजे बटरचे ८१ थर. पुस्तकी पद्धत सहा वेळांची आहे, त्याचे ७२९ होतात, पण घरी हाताने लाटताना सहाव्या घडीपर्यंत बटर मैद्यात मिसळून जातं आणि पापुद्रे उलट कमीच दिसतात, माझ्या मते चार भरपूर झाल्या. दहा सेंटिमीटरचे चौकोन कापले की बारा पॅटिस होतात. सुरी धारदार पाहिजे आणि सरळ खाली दाबून कापायचं, घासत कापलं की कडा चिकटतात. दुधाचा हात फक्त वरून लावायचा, कडेला ओघळलं तर तिथून पॅटिस उघडतच नाही. आमच्याकडे अंडं चालत नाही म्हणून दुधात चिमूटभर साखर घालतो, रंग चांगला येतो.

हे सगळं बघून आई म्हणाली, "अरे हा तर साटाच की." आणि खरंच तसंच आहे. साट्याच्या करंज्या, चिरोटे, आपल्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, तूप आणि तांदळाची पिठी फेसून पोळीला लावायची, पोळीवर पोळी, गुंडाळी करून लाट्या. मग मी एकदा बटरच्या ऐवजी तुपाचा साटा लावून पॅटिस करून बघितले. पदर सुटले, सुंदर सुटले, पण फुगले नाहीत, खुसखुशीत करंजीसारखे झाले. कारण तुपात पाणी जवळपास नसतंच, वर उचलणारी वाफ फक्त कणकेतली, ती पुरत नाही. चवीला मात्र इतके छान होते की त्यात मटार, ओलं खोबरं, आलं, मिरची, कोथिंबीर असं मटार करंजीचं सारण भरून जानेवारीत दोनदा मुद्दाम तसेच केले. तो वेगळा पदार्थ समजून खायचा, पॅटिस म्हणून नाही.

सारणाबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो, पूर्ण गार आणि कोरडं पाहिजे. कोमट बटाट्याची भाजी भरली की आतलं बटर तिथेच वितळतं आणि तळ ओला राहतो. मी बटाटे आदल्या दिवशी उकडून, सोलून फ्रीजमध्ये ठेवतो, सकाळी फोडणीत आलं-मिरची, थोडे मटार, हळद, लिंबू, किंचित साखर, परतून पाणी उडवायचं आणि ताटात पसरून गार करायचं. कांदा घालत नाही, पाणी सुटतं. पनीरचे केले, मक्याचे केले, चीज घातलेले मुलांना आवडतात, पण बटाट्याची सर कशालाच नाही.

आता उन्हाळा. मार्चच्या शेवटापासून पुण्यात स्वयंपाकघरात दुपारी ३३-३४ असतं आणि बटर साधारण त्याच तापमानाला वितळतं, म्हणजे ओट्यावर लाटत असतानाच सगळं हातातून जातं. एप्रिलमध्ये दोन घाणे पूर्ण वाया गेले, २०० ग्रॅम बटर दोनदा, वाईट वाटलं. त्यानंतर पहाटे साडेपाचला लाटायला लागलो, आधी ओट्यावर बर्फाचा ट्रे फिरवून मग पुसून, आणि एकावेळी पाच मिनिटांच्या वर कणीक बाहेर नाही. लहान स्वयंपाकघरात ओटीजी चालू असताना लाटायचा तर प्रश्नच नाही. बेकऱ्यांमध्ये बहुतेक ठिकाणी मार्जरीन (वनस्पती तेलापासून केलेलं बटरसारखं फॅट) वापरतात ते यासाठीच, ते उशिरा वितळतं, उन्हाळ्यातही लाटता येतं. पण त्याच कारणाने ते तोंडातही पटकन वितळत नाही, टाळूला चिकटून राहतं. २०२२ पासून अशा फॅटमध्ये ट्रान्स फॅटची (हृदयाला वाईट असलेली चरबी) मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे त्यामुळे पूर्वीपेक्षा परिस्थिती बरी आहे, तरी मुलांसाठी करायचं तर मी बटरच वापरणार. एका पॅटिसमध्ये सोळा-सतरा ग्रॅम बटर जातं हेही लक्षात ठेवा, रोज खायची गोष्ट नाही.

सगळ्यात उपयोगी सवय लागली ती कच्चे पॅटिस फ्रीझ करायची. शनिवारी संध्याकाळी भरून, बटर पेपर मध्ये घालून डब्यात ठेवायचे, सकाळी तसेच गोठलेले थेट तापलेल्या ओटीजीत, एकूण पाच-सात मिनिटं जास्त लागतात. वितळवत बसायचं नाही. आणि खरं सांगतो, गोठलेले जास्त फुगतात, बटर शेवटपर्यंत जागेवर राहतं. त्यामुळे साडेसातला चहाबरोबर गरम पॅटिस टेबलावर येतो आणि मला पहाटे उठावं लागत नाही. उरलेले परत गरम करायला मायक्रोवेव्ह अजिबात नको, चामट होतात, ओटीजीतच १६० ला सातआठ मिनिटं.

बेकरीशी तुलना करायचीच तर, आपटे रस्त्यावर संतोष बेकरीचे गरम पॅटिस खात मोठा झालेला माणूस आहे मी, त्यांच्यासारखे एकसारखे डझनावारी माझ्याकडून होणार नाहीत आणि मला तसा दावाही करायचा नाही. पण बटरचा वास आणि ओव्हनमधून बाहेर आल्यावर पाच मिनिटांत खाणं, हे फक्त घरीच होतं.

मशीनच्या तक्रारी. डायलचा वर लिहिलाच. मागचा उजवा कोपरा जास्त तापतो, पंधरा मिनिटांनंतर ट्रे फिरवावाच लागतो. फॅन चालू ठेवला की वरचा पापुद्रा आत शिजायच्या आधीच करपतो, मी पॅटिससाठी फॅन बंदच ठेवतो. टायमर तिसऱ्या महिन्यात शेवटच्या दोन मिनिटांवर अडकायला लागला, घंटाच वाजत नाही, रॉडही बंद होत नाहीत, एक ट्रे जळला तेव्हा कळलं. वॉरंटीत होता तरी सर्व्हिसवाला यायला तीन आठवडे आणि सहा फोन लागले, हे मला अजिबात पटलेलं नाही, आग लागू शकते अशा वस्तूला तीन आठवडे कोणी लावतं का. नवीन टायमर बसवला तो नीट चालतोय पण मी फोनवर वेगळा अलार्म लावतोच. दाराचा कप्पा पुसायला त्रास आहे, सांडलेलं बटर खालच्या ट्रेवरून लगेच काढलं नाही तर पुढच्या वेळी घरभर धूर.

विजेचं म्हणाल तर एका घाण्याला प्रीहीट धरून एक युनिटच्या आसपास, थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारा स्विच) मधेमधे बंद होतो म्हणून. पण घ्यायच्या आधी एक बघा, याचा प्लग जाड पिनांचा १६ अँपिअरचा येतो. आमच्या स्वयंपाकघरात तसा पॉइंट नव्हता, पहिले बारा दिवस मशीन खोक्यातच होतं, मग वायरमन बोलावून वेगळी लाइन ओढून घेतली. एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका, वायर गरम होते.