मेन स्विच पाडल्यावर आरएमएम काय करतं? सोलापुरातल्या एएमसीवाल्याचा वापरानंतरचा अनुभव

आम्ही तिघं मिळून सोलापुरात कॉम्प्युटर आणि नेटवर्कच्या एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे करार, घेतो. गिऱ्हाइकं म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरवाले, चिंचोळीतला एक कारखाना, दोन-तीन हॉस्पिटलं आणि बाकी सीएंची ऑफिसं. सगळी मिळून अडीचशेच्या आसपास मशीन. पूर्वी हा कारभार एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा स्क्रीन चालवायचं ॲप), व्हॉट्सॲप आणि मोटारसायकलवर चालायचा. गेल्या दिवाळीच्या आधी आरएमएम, म्हणजे सगळी मशीन लांबूनच बघायचं आणि सांभाळायचं सॉफ्टवेअर, घेतलं, आता सात-आठ महिने होत आले. क्लाउडवरचं, टेक्निशियनमागे पैसे घेणारं आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढच्या तक्रारी या जातीच्या बऱ्याच सॉफ्टवेअरना लागू पडतात.

डेमोत जे दाखवतात ते सगळं खरंच चालतं. प्रत्येक मशीनवर एक छोटा एजंट, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, बसतो, तो स्वतःहून ४४३ पोर्टवरून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या राउटरवर काही उघडावं लागत नाही. डिस्क भरत आली, हार्डडिस्कचं स्मार्ट रीडिंग (डिस्कची तब्येत सांगणारे आकडे) बिघडलं, अँटीव्हायरस बंद पडला, की आपल्याकडे अलर्ट येतो. स्क्रिप्ट (मशीनला द्यायच्या आज्ञांची यादी) एकदा लिहून पन्नास मशीनवर सोडता येते. यात कंपन्या-कंपन्यांत फार फरक मला दिसला नाही.

फरक दिसतो तो मशीन बंद असताना. ही सॉफ्टवेअरं ज्या ऑफिसांसाठी बनली आहेत तिथे बहुधा मशीन रात्रभर चालू राहतात. आपल्याकडे संध्याकाळी शेवटचा माणूस निघताना मेन स्विच पाडतो. कारखान्यात तर तो नियमच आहे, शॉर्टसर्किटची भीती असते आणि माल सगळा सुताचा. त्यामुळे रात्री २ वाजता पॅच (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या) लावा ही तयार पॉलिसी इथे निव्वळ शोभेची. वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून बंद मशीन उठवणं) आहे ना, असं विकणारा सांगतो. पण त्याला मशीनला स्टँडबाय वीज लागते आणि त्याच नेटवर्कात दुसरं एखादं मशीन जागं लागतं. बोर्डच बंद असेल तर कोण कुणाला उठवणार?

म्हणून निवडताना मी एकच चाचणी लावतो. ट्रायलमध्ये एका ऑफिसची दहा मशीन घ्यायची, रात्रीचं काम लावायचं आणि मेन पाडायचा. सकाळी काय होतं ते बघायचं. एका सॉफ्टवेअरने ते काम 'चुकलं' म्हणून नोंदवून सोडून दिलं, पुढची पाळी आठवड्याने. दुसऱ्याने सकाळी १० वाजता दहाही मशीनवर एकदम डाउनलोड सुरू केलं, आणि बिलिंगवाल्याचं ई-वे बिल अडकलं. आम्ही जे घेतलं त्यात चुकलेलं काम मशीन चालू झाल्यावर ठरावीक वेळाने, मागेपुढे करून सुरू करता येतं. आम्ही ते जेवणाच्या सुट्टीवर टाकलंय, डाउनलोड आधी आणि रीस्टार्ट नंतर. विंडोजचं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू केलं की एका मशीनने उतरवलेलं अपडेट बाकीची लॅनवरूनच घेतात, तेही उपयोगी पडलं.

याला जोडून एक गंमत. डॅशबोर्डवर काही मशीनचा अपटाइम (न थांबता चालू असल्याचा काळ) वीस-पंचवीस दिवस दिसायचा, आणि तिथली मुलगी शपथेवर सांगायची की सर, मी रोज शटडाउन करते. दोघंही बरोबर. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावर कर्नल (विंडोजचा गाभा) पूर्ण बंद न होता डिस्कवर साठवला जातो, रीस्टार्ट केल्यावरच सगळं नव्याने सुरू होतं. रीस्टार्ट मागणारे पॅच त्यामुळे लटकून राहतात. सगळीकडे स्क्रिप्टने फास्ट स्टार्टअप बंद केलं. एवढ्या एका कामासाठीही आरएमएमचे पैसे वसूल झाले म्हणायला हरकत नाही.

अलर्टचा त्रास मात्र वेगळा. पहिल्या दोन आठवड्यांत फोन अक्षरशः बंद करून ठेवावासा वाटला. एमआयडीसीत वीज गेली की तिथली सगळी मशीन एकाच मिनिटात ऑफलाइन, आणि प्रत्येकाचा वेगळा अलर्ट. उन्हाळ्यात हे दिवसातून किती वेळा होतं हे सोलापूरकराला सांगायला नको. साइटवरचा राउटर किंवा सर्व्हर पडला तर बाकीच्यांचे अलर्ट आपोआप दबले पाहिजेत, ही सोय खरेदीआधी तपासा. आमच्यात ती आहे, पण हाताने जुळवावी लागली. आता साध्या डेस्कटॉपचा ऑफलाइन अलर्ट आम्ही ठेवलेलाच नाही. सर्व्हर, हॉस्पिटलचा रिसेप्शन काउंटर आणि बॅकअपचं मशीन, एवढ्यांचाच येतो.

सीएंच्या ऑफिसात पॉलिसी वेगळी लागते. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, ही जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या शेवटच्या तारखा. या दिवसांच्या आसपास रीस्टार्ट पूर्ण बंद. तयार पॅच यादीत क्रोम, सेव्हन-झिप, ॲडोबी रीडर असतं, टॅली किंवा डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचे ड्रायव्हर नसतात. ते आपणच लिहायचं. जीएसटी पोर्टलवर सही करताना लागणारा ईएमसायनर अडकला की तो बंद करून पुन्हा सुरू करणारी दोन ओळींची स्क्रिप्ट आमची सगळ्यात जास्त वापरली जाणारी स्क्रिप्ट आहे. पूर्वी यासाठी पोरगं जुळे सोलापूरहून नवी पेठेत यायचं.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, वेळी आरएमएमची खरी किंमत कळली. नंदीध्वजांची मिरवणूक असताना शहरातून गाडी काढणं कठीण. नेमक्या त्याच दिवशी एका हॉस्पिटलच्या सर्व्हरची डिस्क भरली. जुने लॉग (नोंदींच्या फाइली) घरून साफ केले, दहा मिनिटांत बिलिंग सुरू.

त्याच हॉस्पिटलात एक्स-रेला जोडलेलं विंडोज ७चं मशीन आहे, त्यावर एजंट बसलाच नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७चा सपोर्ट जानेवारी २०२०मध्येच सोडला, आरएमएमवाल्यांनीही एकेक करत सोडला. विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आपल्याकडे जुनी मशीन किती आहेत ते मोजूनच सॉफ्टवेअर निवडा.

दराचं थोडक्यात. मशीनमागे पैसे घेणारी आणि टेक्निशियनमागे घेणारी असे दोन प्रकार. अटेरा दुसऱ्या प्रकारातलं. आमच्यासारखी माणसं कमी आणि मशीन जास्त असतील तर दुसरा प्रकार परवडतो. ॲक्शन१ हे मूळचं पॅचिंगचं, पहिल्या २०० मशीनपर्यंत फुकट. टॅक्टिकल आरएमएम स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, पण डोमेन, सर्टिफिकेट आणि तो सर्व्हर सांभाळायला लिनक्स येणारा माणूस घरचा हवा. परदेशी कंपनीला डॉलरमध्ये पैसे दिले तर १८ टक्के आयजीएसटी रिव्हर्स चार्जने आपणच भरायचा, मग क्रेडिट घ्यायचं. कार्डावरून दरमहा आपोआप जाणारी रक्कम १५ हजारांच्या वर गेली की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दर वेळी ओटीपी लागतो. ते लक्षात राहत नसेल तर वर्षाचे एकदम भरा.

सुरक्षेवर मात्र काटकसर नको. हे सॉफ्टवेअर म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांच्या किल्ल्यांचा एकच जुडगा. २ जुलै २०२१ला कासेया व्हीएसए या आरएमएममधल्या त्रुटीतून रेव्हिल टोळीने रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) सोडलं. साठाच्या आत सेवा पुरवठादार, आणि त्यांच्यामार्फत १,५०० पर्यंत धंदे अडकले. स्वीडनमध्ये कूप या किराणा साखळीची शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली. फेब्रुवारी २०२४मध्ये स्क्रीनकनेक्ट या लांबून मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिनच टाळता येईल अशी त्रुटी निघाली, तिला धोक्याचे १० पैकी १० गुण होते. म्हणून आम्ही तिघांचीही खाती वेगळी ठेवली, ओटीपी ॲप सक्तीचं केलं, आणि सगळीकडे एकदम स्क्रिप्ट सोडायचा अधिकार एकाच खात्याला दिला. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांत सायबर घटना ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असं आहे. कुठल्या प्लॅनमध्ये लॉग किती दिवस राहतात हे विकणाऱ्याला लेखी विचारा, तोंडी उत्तरावर जाऊ नका.

गिऱ्हाइकाची समजूत घालणं हे सॉफ्टवेअर बसवण्यापेक्षा जड गेलं. एका टॉवेलवाल्या मालकांनी सरळ विचारलं, "काय ओ, तुम्ही आमचं सगळं बघत बसता म्हणं?" स्क्रीन बघण्याआधी समोरच्याची परवानगी मागणारी सेटिंग आम्ही सगळीकडे चालू केली, आणि एएमसीच्या करारात तसं कलम घातलं. दुसरे एक अण्णा उलट बाजूने आले. "आधी तुझी पोरं दर आठवड्याला यायची. आता कुणी दिसतच नाही, मग पैसे कशाचे देऊ?" त्यावर सॉफ्टवेअरचा इंग्रजी रिपोर्ट दाखवून काही उपयोग नव्हता. आता दर महिन्याला मराठीत एक पान छापून देतो: किती पॅच लागले, कोणती डिस्क जायच्या आत बदलली, बॅकअप कधी तपासला. आणि महिन्यातून एकदा काम नसलं तरी एक पोरगं चहा प्यायला जातं. अण्णांनी एएमसी वाढवली.

नूतनीकरण दिवाळीच्या सुमारास आहे. त्याआधी कंपनीकडून दोन गोष्टी हव्यात: जुळवलेल्या स्क्रिप्ट बाहेर काढता येणं, आणि उद्या सोडायची वेळ आली तर सगळ्या मशीनवरचा एजंट एका फटक्यात उतरवता येणं. पहिल्याचं उत्तर आलंय, दुसऱ्याचं अजून टाळताहेत.