जीपीसी: वेल्शची मोठी डिक्शनरी, फुकट आहे, वापरा

वेल्श शिकताय ना, मग अ‍ॅपबिप चालू दे, पण जीपीसीची साइट बुकमार्क करून ठेवा. पूर्ण नाव गेइरियादिर प्रिव्हस्गोल कम्री, म्हणजे वेल्स विद्यापीठाचा कोश. काम सुरू झालं १९२० च्या दशकात, पहिली आवृत्ती पुरी व्हायला २००२ उजाडलं, आणि २०१४ पासून सगळं ऑनलाइन.

खरी मजा शब्दाच्या कुळीत आहे. कुटुंबाला वेल्शमध्ये ‘तेइली’ म्हणतात, मला वाटलं साधा घरगुती शब्द असेल, तर हा निघाला ‘ती’ म्हणजे घर अधिक ‘ल्ली’ म्हणजे सैन्य! जुन्या वेल्शमध्ये तेइली म्हणजे राजाच्या पदरची शिबंदी, आणि हवेल दा या राजाच्या नावावर असलेल्या कायद्यांत ‘पेनतेइली’ हा त्या शिबंदीचा नायक, दरबारातला मोठा मानकरी. आज पेनतेइली म्हणजे कुटुंबप्रमुख. (आपल्याकडे तरी काय, ‘आमचं कुटुंब’ म्हणजे बायको, हे म्हणणारे आजोबा पाहिलेत की.) जुन्या आयरिशमधला भाऊबंद ‘तेग्लाख’सुद्धा तिथेच दिलाय, आणि कुठला अर्थ कोणत्या काळातल्या लिखाणात सापडतो त्याचे उतारे तारखांसकट, त्यामुळे एक शब्द बघायला गेलं की अर्धा तास गेलाच समजा.

आता अडचण. नोंदीत ‘एग’ असं बारीक लिहिलेलं असतं, ते पुल्लिंगी नाम, हे शॉर्टफॉर्म सगळे वेल्शमध्ये, सुरुवातीला डोकं फिरतं. आणि वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षरच बदलतं: माझं कुटुंब ‘व न्हेइली’, त्याचं ‘इ देइली’, तिचं ‘इ थेइली’. ‘त्याचं’ आणि ‘तिचं’ दोन्हीला तोच ‘इ’, फरक फक्त पुढच्या अक्षरात! म्हणजे पुस्तकात थेइली दिसलं तर तो मुळात त चा शब्द आहे हे आधी तुम्हाला माहीत हवं, नाहीतर शोधत बसा. ही अक्षरबदली डिक्शनरी शिकवणार नाही, त्याला क्लास किंवा व्याकरणाचं पुस्तकच लागतं. न्ह मात्र आपल्याला सोपा जातो, न्हाणीघर म्हणणाऱ्यांना काय त्याचं.

अगदी नवशिक्याला फक्त आजी-आजोबा म्हणायचं असेल (उत्तरेत नाइन-ताइद, दक्षिणेत मामगी-तादकी) तर एवढा कोश उघडायची गरज नाही. पण दोनतीन महिने झाले असतील आणि ‘हा शब्द असा का’ हे प्रश्न पडायला लागले असतील तर डोळे मिटून घ्या, मोबाइलवर त्यांचं अ‍ॅपही आहे.