ह्यूस्टन की ऑस्टिन? घर घेण्याआधी विजेचंही बघा

टेक्ससात नोकरी मिळाली की शाळा, ऑफिसचं अंतर, घरपट्टी हे सगळे विचारतात. वीज कोणाकडून मिळणार तेही पत्त्यावरच ठरतं, हे बहुतेकांना घर घेतल्यावर कळतं.

ह्यूस्टन आणि डॅलसमध्ये खुला बाजार आहे. तारांवरून वीज पोचवण्याचे दर राज्याचा आयोग ठरवतो, पण वीज विकणाऱ्या कंपन्या डझनावारी आहेत. ऑस्टिनमध्ये ऑस्टिन एनर्जी ही शहराचीच कंपनी, दर नगरपरिषद ठरवते. जवळच्या राउंड रॉकचा बराचसा भाग खुल्या बाजारात, तर सीडर पार्कला सहकारी संस्थेची वीज.

खुल्या बाजारात वीज स्वस्त मिळू शकते, पण दरपत्रक नीट वाचणाऱ्यालाच. त्यावर 500, 1000 आणि 2000 युनिटला पडणारा सरासरी दर छापलेला असतो. जाहिरातीत बहुधा 1000चा आकडा असतो, कारण अनेक योजनांत 1000 युनिट झाले की मोठी सूट मिळते. वापर 990 झाला तर सूट गेली. एसी बंद असतो त्या मार्च महिन्यात नेमकं हेच होतं. करार संपला की महिन्यागणिक बदलणारा दर लागू होतो. तो ऐन ऑगस्टमध्ये संपू देऊ नका.

फेब्रुवारी 2021च्या हिमवादळात घाऊक वीज युनिटला 9 डॉलरवर गेली आणि जवळजवळ चार दिवस तिथेच राहिली. घाऊक भावाने वीज देणाऱ्या ग्रिडी या कंपनीच्या ग्राहकांना हजारो डॉलरची बिलं आली. ठरावीक दराचा करार असलेल्यांचा दर हलला नाही. घरगुती ग्राहकांना घाऊक भावाच्या योजना विकायला आता बंदी आहे. अंधार मात्र ऑस्टिनमध्येही झाला, कारण ग्रिड एकच. राज्याच्या मोजणीप्रमाणे 246 माणसं गेली.

हे नियम कोणाच्या दबावाखाली घडतात, तेही बघायला हवं. 1999च्या खुल्या बाजाराच्या कायद्यावर गव्हर्नर बुश यांची सही आहे. त्या कायद्यासाठी जोर लावणारी एन्रॉन त्यांच्या मोठ्या देणगीदारांपैकी होती. दाभोळमुळे आपल्याला ओळखीची, तीच. टेक्ससात कंपनीला उमेदवाराला थेट देणगी देता येत नाही, पण कंपनीच्या प्रमुखाला हवी तेवढी देता येते. हिमवादळात एनर्जी ट्रान्सफर या गॅस कंपनीला सुमारे 2.4 अब्ज डॉलरचा फायदा झाला. त्याच वर्षी जूनमध्ये तिचे अध्यक्ष केल्सी वॉरन यांनी गव्हर्नर ॲबट यांना 10 लाख डॉलर दिले. हे कायद्यात बसतं, आणि मला तेच खुपतं.

ऑस्टिनमध्ये दरवाढ आली तर नगरपरिषदेसमोर उभं राहून बोलता येतं, पुढच्या निवडणुकीत मत देता येतं. पण कंपनी बदलता येत नाही. शिवाय वापर वाढला की वरच्या युनिटांचा दर चढतो, त्यामुळे मोठ्या घराला ती महाग पडते.

मी दोघांतून ऑस्टिन निवडेन. ह्यूस्टनलाच जायचं असेल तर ठरावीक दराचा, वापरावर सवलतीची अट नसलेला बारा महिन्यांचा करार घ्या. मधेच घर बदललं तर नवा पत्ता आणि मागितला तर घर सोडल्याचा पुरावा द्या, करार मोडल्याचा दंड लागत नाही.