वारंवारता सांगणाऱ्या इंग्रजी क्रियाविशेषणांचा भिंततक्ता : क्रम चांगला, जागेबाबत अपुरा

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत इंग्रजी व्याकरणाचे लॅमिनेट केलेले भिंततक्ते मिळतात. त्यांपैकी एखादी गोष्ट किती वेळा घडते हे सांगणाऱ्या क्रियाविशेषणांचा तक्ता मी मराठी माध्यमाच्या सहावी-सातवीच्या वर्गासाठी घेतला आणि वर्षभर वापरला. छपाई सुबक आहे, शेवटच्या बाकावरूनही अक्षर वाचता येते आणि इतक्या हाताळणीनंतरही कडा सुटलेल्या नाहीत.

सर्वांत वर १०० टक्क्यांचे ‘ऑलवेज’, त्याखाली ‘युज्वली’ ९०, ‘ऑफन’ ७०, ‘समटाइम्स’ ५०, ‘रेअरली’ १० आणि तळाशी शून्याचे ‘नेव्हर’, अशी ही उतरंड असून वरचा गडद रंग खाली येताना फिकट होत जातो. या शब्दांचा चढता-उतरता क्रम मुलांच्या मनात पक्का बसतो आणि ‘युज्वली’ मोठे की ‘ऑफन’, हा नेहमीचा गोंधळ मिटतो. तेवढ्यासाठी तरी तक्ता घेण्यासारखा आहे.

टक्केवारी मात्र जपून वापरावी लागते. हे आकडे कोणी मोजून काढलेले नाहीत, आणि दोन पुस्तकांत ते सारखे असतीलच असेही नाही. कोयनेच्या परिसरात ‘ऑफन’ भूकंपाचे धक्के बसतात असे म्हटले, तर त्याचा अर्थ शंभरपैकी सत्तर दिवस जमीन हादरते असा होत नाही. इतर ठिकाणांच्या मानाने तिथे धक्के पुष्कळ वेळा बसतात, एवढेच त्या शब्दातून समजते. लोकलगाडी ‘ऑफन’ उशिरा येते म्हणताना मात्र आपल्या मनात रोजच्या फेऱ्यांचा हिशेब असतो. शब्द तोच, पण त्याचे माप विषयानुसार बदलते, हे शिक्षकाने तोंडी सांगायला हवे.

खरी उणीव वेगळीच आहे. मराठी मुलांना या शब्दांच्या अर्थापेक्षा त्यांची वाक्यातली जागा जास्त अडते आणि त्याबद्दल तक्त्यावर ‘क्रियापदाच्या आधी’ एवढाच नियम छापला आहे. ‘आय ऑलवेज वॉक टू स्कूल’ या वाक्याला तो लागू पडतो. पण ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ आले की क्रियाविशेषण त्यांच्यानंतर येते, म्हणून नियम प्रामाणिकपणे पाळणारे मूल ‘ही इज ऑलवेज लेट’ऐवजी ‘ही ऑलवेज इज लेट’ लिहिते. सहायक क्रियापद असेल तर ‘शी हॅज नेव्हर सीन द सी’ यातल्याप्रमाणे हा शब्द सहायक आणि मुख्य क्रियापदाच्या मध्ये बसतो. त्याचे एकही उदाहरण तक्त्यावर नाही. ‘एव्हरी डे’, ‘वन्स अ वीक’ असे शब्दसमूह बहुधा वाक्याच्या शेवटी येतात, हेही सांगितलेले नाही.

त्याहून मोठी अडचण नकाराची आहे. ‘तो कधीच खोटे बोलत नाही’ या आपल्या वाक्यात ‘कधीच’ आणि ‘नाही’ दोन्ही लागतात, त्यामुळे मुले सहजपणे ‘ही डझ नॉट नेव्हर टेल लाइज’ असे लिहितात. इंग्रजीत ‘नेव्हर’मध्येच नकार आलेला असतो, म्हणून ‘ही नेव्हर टेल्स लाइज’ एवढेच पुरते. ‘रेअरली’ आणि ‘हार्डली एव्हर’ यांच्यासोबतही ‘नॉट’ येत नाही. ही चूक निष्काळजीपणाची नसून मातृभाषेच्या सवयीतून होते आणि म्हणूनच ती पुन्हा पुन्हा उगवते. महाराष्ट्रातल्या वर्गांसाठी विकल्या जाणाऱ्या तक्त्याने सर्वांत आधी तिचाच विचार करायला हवा होता. खालच्या कोपऱ्यातले घड्याळाचे मोठे चित्र काढले असते, तरी या तीन-चार वाक्यांना जागा झाली असती.

मी तळाशी कागदाची पट्टी चिकटवून त्यावर ‘इज’नंतरचे, ‘हॅज’नंतरचे आणि ‘नेव्हर’चे असे एकेक वाक्य लिहिले आहे, शब्दांची जागा मुले आता तिथेच पाहतात. वर्गात शिकवणाऱ्यांनी हा तक्ता अशी पट्टी जोडून जरूर वापरावा. घरी स्वतःच्या स्वतः अभ्यास करणाऱ्या मुलासाठी मात्र तो घेऊ नये. त्याला भरपूर वाक्ये सोडवायला देणारी सरावपुस्तिका अधिक उपयोगी पडेल.