पहिल्या खर्ड्यासाठी शाईपेन: दौत, निब आणि फुलस्केप वही

परीक्षणाला घेतलेलं सामान साधंच आहे: फाइन (बारीक) निबचं आयड्रॉपर, म्हणजे पोटातच ड्रॉपरने शाई भरायचं शाईपेन, कॅमल रॉयल ब्लूची 60 मिलीची बाटली आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मिळते तसली 200 पानी आखीव फुलस्केप वही. कसोटी एकच. तीन हजार शब्दांची कथा यावर शेवटपर्यंत लिहून होते का, की मध्येच पेन धुवायला उठावं लागतं?

आधी निब, कारण गडबड तिथेच होते. रोमन लिपीला मीडियम निब चालून जाते. देवनागरीत मात्र एकाच ओळीत वर वेलांटी, खाली उकार आणि मध्ये ‘ष्ट’, ‘द्ध’, ‘क्ष’ बसवायचे असतात; मीडियम निब त्यांची पोटं बुजवते. फाइनच घ्यावी. जपानी फाइन आणखी बारीक असते, खरबरीत कागदावर ती खरडते.

दुसरी अडचण शिरोरेषेची. आपण आधी अक्षरं काढतो, मग मागे येऊन वरून रेघ ओढतो. म्हणजे निब प्रत्येक दांडीच्या ओल्या टोकावरून पुन्हा जाते आणि शाई तिथे साचून बारीक ठिपके बसतात. जास्त शाई सोडणाऱ्या पेनात ‘म’ आणि ‘भ’ मग एकसारखे दिसायला लागतात. मोडी लिहिणारे कारकून आधी ओळभर रेघ ओढून घेत आणि तिच्याखाली अक्षरं टांगत, त्यांची यातून सुटका होती. आपल्यापुढे दोन वाटा: शाई कमी सोडणारं पेन घ्यायचं, नाहीतर खर्ड्यात शिरोरेषा सोडून द्यायची. भराभर लिहिणारे बहुतेक दुसरीच धरतात.

आयड्रॉपरचा मोठा गुण म्हणजे पोटात दोन-अडीच मिली शाई मावते. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे दुसऱ्या पेनांत बसवायच्या शाई ओढणाऱ्या नळीत, पाऊण मिलीच्या आसपास. संवाद रंगात आलेला असताना शाई संपणं म्हणजे काय, हे कथा लिहिणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पण भरताना काळजी घ्यावी लागते: आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यायचा (व्हॅसलिन नको, रबरी रिंग असेल तर ती खराब होते), ड्रॉपरने आट्यांच्या खालपर्यंतच शाई भरायची आणि पेन घट्ट आवळायचं. शाई तिसऱ्या हिश्श्यावर आली की पेन ओकायला लागतं. तळहाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि शाईला निबेतून बाहेर ढकलते. त्यामुळे पेन रिकामं व्हायची वाट बघू नये, एक तृतीयांश राहायच्या आतच पुन्हा भरावं.

शाईबद्दल. कॅमलचा कारखाना दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये घोडा छाप शाईपुडीपासून सुरू केला, उंटाची छाप त्यानंतरची. रॉयल ब्लू पेनाला सोसते आणि सहज धुतली जाते, पण तोच तिचा दोषही. चहाच्या कपाचं ओलं बूड पानावर टेकलं की दोन ओळी गेल्या. उन्हात ती फिकी पडते आणि फोनने फोटो काढून टंकायला दिल्यास बारीक रेघा उमटत नाहीत. कथा जपून ठेवायची असेल तर पर्मनंट ब्लॅक बरी. मात्र पेन दोन-तीन आठवड्यांनी साध्या पाण्याने धुवावं. एबोनाइटच्या (कडक रबराच्या) पेनाला गरम पाणी लावू नये, रंग उतरतो. आणि त्याच उंटाच्या चित्राची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकही दुकानात असते. ती चुकून भरली तर पेन गेलंच समजा.

सगळ्यात कमी गुण वहीला. दिवाळी अंकांचं बरंचसं लेखन ऐन पावसाळ्यात होतं आणि तेव्हाच कागद ओल धरतो. 60 जीएसएमच्या (चौरस मीटरला 60 ग्रॅम वजनाच्या, पातळ) पानावर शाई फुटते, ‘क्षुब्ध’ लिहून पान उलटलं तर पाठीमागे तोच शब्द उलटा वाचता येतो. 80 जीएसएमवर हा त्रास बराच कमी होतो. घेण्याआधी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात असा एखादा जोडाक्षरी शब्द लिहून बघावा, दुकानदार नाही म्हणत नाहीत. पानाच्या खालच्या भागात पेन अचानक कोरडं चालू लागलं तर दोष बहुतेक वेळा तळहाताच्या तेलकटपणाचा असतो. हाताखाली टीपकागद ठेवला की काम होतं.

पाठपोट लिहू नये. उजव्या पानावर कथा, डावं पान कोरं: तिथे बदललेला संवाद, पात्राचं वय, सुचलेला दुसरा शेवट. 27 ओळी आणि ओळीला साडेआठ शब्द धरले तर तीन हजार शब्दांना तेरा पानं लागतात, म्हणजे एका वहीत सात कथा. खोडताना एकच आडवी रेघ मारावी, गिरवून काळं करू नये. टंकताना खोडलेलं वाक्यच पुष्कळदा बरं वाटतं, आणि संगणकावर ते कधीच पुसलं गेलेलं असतं. या सामानाची खरी किंमत मला इथे दिसते. संपादकांना हल्ली युनिकोड फाइलच लागते, त्यामुळे टंकताना दुसरा खर्डा आपोआप होतो. तेव्हा वाक्यं मोठ्याने वाचत टंकावीत.

लोकलमध्ये हे पेन काढू नये, हादऱ्याने शाई उडते. तिथे एचबी पेन्सिल आणि खिशात मावणारी डायरी पुरते. डावखुऱ्यांचा हात ओल्या ओळीवरूनच फिरतो. त्यांनी वही तिरकी धरून हात ओळीच्या खाली ठेवावा, आणि तरीही फराटे उठत असतील तर सरळ बॉलपेन घ्यावं.